‘कोई शक?’ : शिस्त आणि मतभेद

कवायतीचा किंवा हत्यारांचा धडा संपला, की उस्ताद एक प्रश्न हमखास विचारतात, “कोई शक?” मैदानावरून एका सुरात उत्तर येते, “नहीं, उस्ताद!” या प्रश्नोत्तराची आपल्याला इतकी सवय झालेली असते, की प्रश्न खराखुरा आहे हेच विसरायला होते. शंका असेल तर आत्ताच विचारा. पुढे प्रत्यक्ष कामाच्या वेळी शंका परवडणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे. शिकवणारा स्वतःहून शंकेला जागा करून देतो. त्या जागेचा उपयोग करायचा, की सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून मोकळे व्हायचे, हे आपल्या हातात असते.

सैनिकी शाळेत मुलाला पाठवताना अनेक पालकांच्या मनात एक धाकधूक असते. शिस्त लागेल हे खरे, पण शिस्तीपायी मूल आपले मत मांडायचे तर विसरणार नाही ना? कॅडेटांमध्येही असा समज आढळतो, की चांगला कॅडेट म्हणजे कशालाच ‘नाही’ न म्हणणारा. शिस्त आणि मतभेद यांचे खरेच इतके वाकडे आहे का, ते या लेखात पाहू. त्यासाठी फार लांब जायला नको. दर वर्षी २६ नोव्हेंबरला आपण संविधानाची उद्देशिका एका आवाजात वाचतो. ती ज्या सभेने लिहिली, ती सभा मात्र एका आवाजात बोलणारी नव्हती.

वेगळेपण आणि मतभेद

आधी दोन शब्दांतला फरक समजून घेऊ. एकाच हाउसमध्ये कोल्हापूरचा, पाटण्याचा, कोट्टायमचा आणि इंफाळचा मुलगा शेजारी शेजारी झोपतात. एकाला जेवणात भाकरी-पोळी हवी, दुसऱ्याला भात. एकाचा उपवास असतो, दुसऱ्याचा रोजा. एक झोपेत मराठी बोलतो, एक मल्याळम. हे झाले वेगळेपण. यात कोण बरोबर आणि कोण चूक, असा निवाडा करायचाच नसतो. व्यक्ती तितक्या प्रकृती, असे आपल्याकडे म्हणतातच. वेगळेपणाला निकाल नको, व्यवस्था हवी : मेसमध्ये दोन्ही प्रकारचे जेवण, प्रार्थनेला वेळ, आणि कोणाच्या उच्चारांची किंवा डब्यातल्या पदार्थाची टिंगल न करण्याची सभ्यता.

भारतीय सैन्याने ही व्यवस्था फार चांगली बसवली आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची गर्जना छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने उठते, शीख रेजिमेंटची ‘सत श्री अकाल’ने, तर गोरखा पलटणींची महाकालीच्या नावाने. अनेक छावण्यांमध्ये एकाच छपराखाली सर्वधर्मस्थळ असते. अधिकारी ज्या पलटणीत जातो, तिच्या जवानांचे सण तो आपले मानतो आणि त्यांची भाषा शिकतो. एवढे वेगळेपण सांभाळूनही तिरंगा एकच आणि हुकूमही एकच.

मतभेदाचे तसे नसते. आंतर-हाउस स्पर्धेत संघनायक कोण, जमलेल्या पैशाचे काय करायचे, एखादा नियम बदलायचा की नाही, अशा प्रश्नांवर दोन मते असली तरी शेवटी एकच निर्णय घ्यावा लागतो. कोणाचे तरी म्हणणे मागे पडते. खरी कसोटी इथे लागते. ज्याचे म्हणणे मागे पडले तो उद्या आपल्यात राहतो की नाही, यावर त्या समाजाची ताकद ठरते.

विरोध करणाऱ्याला परत बोलावणारी सभा

संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी दिल्लीत भरली. चारच दिवसांनी, १३ डिसेंबरला, पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुस्लिम लीगचे सदस्य सभेला आले नव्हते. तेव्हा मुंबईचे नामवंत कायदेपंडित बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी दुरुस्ती सुचवली, की लीगच्या आणि संस्थानांच्या प्रतिनिधींना सामील होण्याची संधी मिळावी म्हणून हा ठराव पुढे ढकलावा. सभागृहातील बहुसंख्य सदस्यांना ते रुचले नाही. दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला, अनपेक्षितपणे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव पुकारले गेले. ते काँग्रेसचे अनेक वर्षांचे कडक टीकाकार. त्यांनी जयकरांच्या बाजूने भाषण केले. आज आपण विभागलेले आहोत, पण वेळ आणि अनुकूल परिस्थिती मिळाली तर या देशाला एक होण्यापासून कोणी रोखू शकणार नाही, असा विश्वास त्यांनी व्यक्त केला. हाती सत्ता असणे वेगळे आणि शहाणपण असणे वेगळे, असेही त्यांनी बहुमतवाल्यांना स्पष्टपणे सुनावले.

सभेने ते ऐकून घेतले. ठरावावरील निर्णय पुढच्या महिन्यावर गेला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी ठराव मंजूर झाला.

पुढे घडले ते अधिक लक्षात ठेवण्यासारखे आहे. आंबेडकर बंगाल प्रांतातून निवडून आलेले होते. फाळणीमुळे ते सदस्यत्व संपले. तेव्हा सभेचे अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी मुंबई प्रांताच्या सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून आंबेडकरांना मुंबईतून निवडून आणण्यास सांगितले. जयकरांनी राजीनामा दिल्याने जी जागा मोकळी झाली होती, तिथेच आंबेडकर जुलै १९४७ मध्ये निवडून आले. ऑगस्टच्या अखेरीस ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. विरोधात बोलणाऱ्या माणसाला बहुमतवाल्यांनी शोधून परत आणले आणि सर्वांत जोखमीचे काम त्याच्याकडे सोपवले. त्याची मते आपल्याशी जुळतात का, यापेक्षा त्याचा अभ्यास आणि प्रामाणिकपणा त्यांना मोठा वाटला.

२,४७३ दुरुस्त्या

सभेचे काम सुमारे तीन वर्षे चालले. ११ अधिवेशनांत १६५ दिवस बैठका झाल्या. त्यांतले ११४ दिवस मसुद्याच्या चर्चेत गेले. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष सभेत मांडल्या गेल्या. म्हणजे “मला हे असे नको, तसे हवे” हे वाक्य या सभेने अडीच हजारांच्या आसपास वेळा ऐकले. त्यांतल्या तीन दुरुस्त्या-वाद आपल्याला वेगवेगळे धडे देतात.

पहिला वाद एका शब्दाचा. भाषणस्वातंत्र्यासारख्या हक्कांवर कायद्याने निर्बंध घालता येतील, असे मसुद्यात होते. पंडित ठाकूरदास भार्गव यांनी ‘निर्बंध’ या शब्दामागे ‘वाजवी’ हा शब्द घालण्याची दुरुस्ती सुचवली. त्यांचे म्हणणे असे, की नुसते ‘निर्बंध’ म्हटले तर सरकार घालील तो निर्बंध चालेल. ‘वाजवी’ म्हटले तर तो वाजवी आहे की नाही हे न्यायालयाला तपासता येईल. आंबेडकरांनी ही दुरुस्ती स्वीकारली. आज अनुच्छेद १९ मध्ये तो शब्द आहे आणि देशातल्या असंख्य खटल्यांचा निकाल त्याच्याच आधारे लागतो. विरोधी मत ऐकल्याने मूळ काम सुधारते, याचे हे उत्तम उदाहरण.

दुसरा वाद श्रद्धेचा. उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ व्हावी, अशी दुरुस्ती हरि विष्णु कामत यांनी ऑक्टोबर १९४९ मध्ये मांडली. कामत म्हणजे आय.सी.एस.ची नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले गृहस्थ. पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी विरोध केला. ज्या उद्देशिकेत श्रद्धेचे स्वातंत्र्य द्यायचे, तिच्यातच एक श्रद्धा सर्वांवर लादू नये, असे त्यांचे मत. कामतांनी मतदानाचा आग्रह धरला. बाजूने ४१ आणि विरोधात ६८ मते पडली. कामतांना हा निकाल फार लागला, पण ते सभा सोडून गेले नाहीत. पुढच्या कामातही ते पूर्वीसारखेच उभे राहून प्रश्न विचारत राहिले. हरल्यावर मैदानात थांबणे हे जिंकण्याइतकेच शिकण्यासारखे असते.

तिसरा वाद भाषेचा. तो सर्वांत तापला. सप्टेंबर १९४९ मध्ये सलग तीन दिवस चर्चा झाली. हिंदी भाषक सदस्य आणि दक्षिणेतले सदस्य यांच्यात तर ताण होताच. अंक कोणते वापरायचे यावरही जोरदार खडाजंगी झाली. शेवटी १४ सप्टेंबरला तोडगा निघाला : संघराज्याची राजभाषा देवनागरी लिपीतील हिंदी, अंक मात्र भारतीय अंकांच्या आंतरराष्ट्रीय रूपातले, आणि इंग्रजीचा वापर आणखी १५ वर्षे चालू. शिवाय आठव्या अनुसूचीत मराठीसह १४ भाषांना स्थान मिळाले. आज त्या २२ आहेत. या तोडग्यात कोणालाच सगळे मिळाले नाही आणि कोणीच रिकाम्या हाताने परतले नाही. आपण शाळेत ‘हिंदी दिवस’ साजरा करतो तो याच तारखेला. ज्या दिवशी देशाने भाषेच्या भांडणातून वाट काढली, तो तो दिवस आहे.

आंबेडकरांनी मानलेले आभार

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी आंबेडकरांनी सभेत समारोपाचे भाषण केले. त्यात त्यांनी सहकाऱ्यांचे, अधिकाऱ्यांचे आभार मानले हे ओघानेच आले. पण त्यांनी ‘बंडखोरां’चेही आभार मानले. कामत, डॉ. पंजाबराव देशमुख, सिधवा, प्रा. सक्सेना, पंडित ठाकूरदास भार्गव, प्रा. के. टी. शहा, पंडित कुंझरू अशी नावे घेऊन मानले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पक्षशिस्त अगदी कडकपणे पाळली गेली असती, तर ही सभा होयबांचा मेळावा झाली असती. या मंडळींच्या सूचना मी स्वीकारल्या नाहीत, म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही.

आंबेडकर शिस्तीच्या विरुद्ध बोलत नव्हते. त्याच भाषणात त्यांनी सांगितले, की पक्षाच्या शिस्तीमुळे मसुदा समितीला आपले काम सुरळीत पार पाडता आले. त्यांना शिस्तही हवी होती आणि बंडखोरही हवे होते. आणि संविधानाचे मार्ग उपलब्ध असताना रक्तरंजित किंवा कायदा मोडणारे मार्ग सोडून द्यावेत, असा इशाराही त्यांनी त्याच वेळी दिला. म्हणजे मतभेद हवा, पण त्याला रीत हवी. या बंडखोरांतले अमरावतीचे पंजाबराव देशमुख पुढे नेहरूंच्याच मंत्रिमंडळात कृषिमंत्री झाले. कोणी कोणाचे वैर धरले नाही.

एकट्याचे मत

कधी कधी मत मांडणारा अगदी एकटा पडतो. एप्रिल १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला, की विनाचौकशी अटकेत ठेवलेल्या माणसाला सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येईल का? पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी ‘नाही’ असा कौल दिला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी एकट्याने वेगळे निकालपत्र लिहिले. पुढे जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्नांनी राजीनामा दिला. त्यांनी आरडाओरड केली नव्हती. आपले मत कारणांसह कागदावर नोंदवले होते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६चा तो बहुमताचा निकाल चुकीचा ठरवला. १९७६च्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते आणि २०१७मध्ये तो निकाल रद्द ठरवणारे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच चिरंजीव. वडिलांविषयीचा आदर आणि वडिलांच्या मताशी असहमती एकाच माणसाच्या ठिकाणी राहू शकतात, हे घराघरात सांगण्यासारखे आहे.

सैन्यात हे कसे चालते?

कोणी म्हणेल, सभेत आणि न्यायालयात हे ठीक. रणांगणावर दुरुस्त्या मांडत बसलो तर काय होईल? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद ३३ ने सैन्यदलांच्या बाबतीत मूलभूत हक्कांना मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. सैनिकाला सगळे हक्क नागरिकासारखे वापरता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

तरीही १९५०चा सेना अधिनियम नीट वाचला तर दोन गोष्टी दिसतात. कलम ४१ मध्ये आज्ञाभंग हा गुन्हा आहे, पण तिथे शब्द आहेत ‘कायदेशीर आज्ञा’. आणि कलम २६ व २७ मध्ये, आपल्यावर अन्याय झाला असे वाटणाऱ्या जवानाला आणि अधिकाऱ्याला वरिष्ठांकडे दाद मागण्याचा रस्ता दिला आहे. पुढे २००७च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचीही तरतूद झाली. म्हणजे ज्या संस्थेत हुकूम सर्वांत कडक, तिथेही तक्रारीला कायद्याने दार ठेवले आहे.

निर्णयाआधीचा मोकळेपणा सैन्यात मोलाचा मानतात. १९७१च्या एप्रिलमध्ये, तातडीने कारवाई करण्याचा विषय निघाला तेव्हा आपण पंतप्रधानांपुढे स्पष्ट नकार दिला, असे माणेकशॉ पुढे आपल्या भाषणांत सांगत. पावसाळ्यात पूर्व बंगालच्या नद्या फुगतात, उत्तरेकडच्या खिंडी मोकळ्या असतात, सैन्याची जमवाजमव झालेली नाही, अशी कारणे त्यांनी दिली. पुढे डिसेंबरात युद्ध झाले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सही झाली. सेनापतीने मान डोलावली असती, तर त्या मानेची किंमत जवानांना मोजावी लागली असती.

यातून जो क्रम दिसतो तो सोपा आहे. निर्णयाआधी मोकळेपणाने बोला. निर्णय झाला की तो आपलाच मानून पूर्ण ताकदीने पार पाडा. काम संपल्यावर काय चुकले ते पुन्हा मोकळेपणाने मांडा. गडबड होते ती क्रम उलटा झाला की. बैठकीत गप्प बसायचे, नंतर बरॅकमध्ये कुरकुर करायची आणि काम अर्ध्या मनाने करायचे, याला मतभेद म्हणत नाहीत. ती बेशिस्त आहे.

आपल्या हाउसमध्ये

कॅडेट मित्रमैत्रिणींनो, आता आपल्याकडे वळू. हाउसच्या बैठकीत कॅप्टनने विचारले, “सगळ्यांना मान्य?” आणि चाळीस जण गप्प बसले, तर ती संमती समजू नका. त्यातल्या पाच जणांना कदाचित भीती वाटत असेल, पाच जणांना नीट हिंदी-इंग्रजी बोलता येत नसेल, आणि दोघांना ठाऊक असेल की काल वेगळे बोललेल्याला आज सगळ्यांनी वाळीत टाकले होते. नेतृत्व करणाऱ्याने सर्वांत लहान कॅडेटला आधी बोलू द्यावे आणि आपले मत शेवटी सांगावे. मोठ्यांनी आधी मत दिले, की लहानांना फक्त होकारच उरतो.

बोलणाऱ्यानेही काही पथ्ये पाळावीत. मुद्द्यावर बोलावे, माणसावर नाही. “तुला काही कळत नाही” म्हणण्याऐवजी “या योजनेत पहाटेच्या सरावाला वेळ उरत नाही” असे म्हणावे. नुसता नकार न देता दुसरा मार्ग सुचवावा. समोरच्याचे म्हणणे आधी आपल्या शब्दांत सांगून पाहावे. त्याला ते पटले, तरच उत्तर द्यावे. आणि मत फेटाळले गेले, तर कामतांची आठवण ठेवावी.

एक मर्यादा मात्र पक्की लक्षात असू द्या. वेगळेपण स्वीकारायचे, मतभेद सहन करायचे. पण छळ या दोन्हींत बसत नाही. धाकट्या कॅडेटला मारणे, त्याच्या जातीवरून, धर्मावरून, रंगावरून किंवा उच्चारांवरून हिणवणे हे कोणाचे ‘मत’ नसते आणि हाउसची ‘परंपरा’ही नसते. तिथे ‘आपल्या हाउसची बदनामी नको’ म्हणून गप्प बसणे ही निष्ठा नव्हे. हाउसमास्तरांकडे, शिक्षकांकडे किंवा घरी सांगणे हा अन्यायाविरुद्ध दाद मागण्याचा सरळ रस्ता आहे, आणि तो रस्ता सैनिकाला कायद्यानेच दिला आहे हे आपण वर पाहिले. सांगणाऱ्याला चुगलखोर म्हणणारे हाउस छळणाऱ्याला संरक्षण देत असते.

प्रशिक्षकांनी आणि पालकांनी एवढेच करावे, की मुलाने आदराने मांडलेल्या विरोधाला उद्धटपणा समजू नये. सुट्टीत घरी आलेला मुलगा जेवताना म्हणाला, “बाबा, मला हे पटत नाही,” तर आधी विचारावे, “का बरे?” कारण ऐकल्यावर निर्णय बदलेल किंवा बदलणार नाही. पण जे मूल घरात कारण देऊन असहमत व्हायला शिकते, ते उद्या पलटणीत वरिष्ठांना खरी परिस्थिती सांगायला कचरत नाही. आणि वरिष्ठांपर्यंत खरी परिस्थिती पोचली नाही, तर त्याची किंमत शेवटी सर्वांत पुढे उभ्या असलेल्या जवानाला द्यावी लागते.

आपला समाज कसा आहे हे तपासायचे असेल, तर एक सोपी खूण आहे. आपल्या हाउसमध्ये शेवटचे वेगळे मत कोणी मांडले ते आठवा, आणि त्या दिवशी रात्री मेसमध्ये त्याच्या शेजारी कोणी बसले होते का, तेही आठवा.